जैसे थे

कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, पत्र्याच्या शेडखाली चार टेबलं होती. त्यातल्या अगदी कडेच्या टेबलाशी टायपिस्ट बाई बसायच्या. अठ्ठावीस वर्षं तिथंच. आधी खडखडणारं मशीन होतं, मग कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, खुर्चीची गादी तीनदा बदलली. बाई त्याच राहिल्या. वकील मंडळी यायची, कागद पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, "बाई, एक मनाईचा अर्ज. नेहमीचा." बाई मान वर न करता जुनी फाइल उघडायच्या, नावं बदलायच्या, चतुःसीमा बदलायच्या आणि कागद काढून द्यायच्या. 'वादीचे कधीही भरून न येणारे नुकसान होणार आहे' हे वाक्य त्यांच्या बोटांतून इतक्या वेळा गेलं होतं, की ते डोक्याकडे फिरकतच नसे. डोक्यात तेव्हा दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं: भाजी कुठली न्यायची, वन्संच्या गुडघ्याचं मलम संपलं की काय.

वन्सं म्हणजे त्यांची नणंद. बाईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, आणि घरात या दोघी उरल्या होत्या. वयानं वन्सं चार वर्षांनी मोठ्या, नात्यानं वहिनी मोठी. त्यामुळे दोघी एकमेकींना अहो-जाहो करायच्या आणि दोघी एकमेकींचं ऐकायच्या नाहीत. वन्संनी लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात हेडफोन लावून काढलेली बाई. गुडघे गेले तरी कान शाबूत होते. स्वयंपाकघरात दूध उतू जायच्या बेतात आलं, की मागच्या खोलीतून त्यांचा आवाज यायचा, "वहिनी, गॅस."

घर एकापाठोपाठ तीन खोल्यांचं. पुढे बैठकीची, मध्ये स्वयंपाकघर, मागे वन्संची खोली. त्या मागच्या खोलीची भिंत म्हणजेच हद्द. पलीकडे फर्निचरवाल्याची जागा होती. त्याचे वडील साधे सुतार. यानं धंदा वाढवला, मोठं दुकान काढलं आणि आता मागचं जुनं गोदाम पाडून तिथं तीन मजली इमारत बांधायची, खाली तळघर काढायचं, असं त्यानं ठरवलं होतं. लहानपणी तो वन्संकडे टेलिफोनच्या गमती ऐकायला यायचा. अजून त्यांना आत्या म्हणायचा, बाईंना काकू. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी येऊन सांगूनही गेला, "थोडा धुरळा उडेल, सांभाळून घ्या." दोघींनी होकार दिला. नाही म्हणायचं काही कारण नव्हतं.

खोदाईचं मशीन आलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वन्संना भिंतीतून आवाज आला.

"कसला आवाज?" संध्याकाळी बाईंनी विचारलं. पायातल्या चपला अजून काढायच्या होत्या.

"कट असा. वाळलेली फांदी मोडावी तसा. दोन चाळीसला एकदा, आणि तीनला पाच कमी असताना दोनदा, पण बारीक."

"मशीनचा असेल."

"मशीन जेवायला गेलं होतं."

बाई खोलीत गेल्या. खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे एक रेघ तिरकी गेली होती, केसासारखी. कालपर्यंत ती नव्हती असं शपथेवर सांगता आलं नसतं, कारण काल कोणी पाहिलंच नव्हतं. त्या खिडकीशी गेल्या, बाहेर डोकावल्या आणि तिथंच थांबल्या. भिंतीच्या पायाशी जमीनच नव्हती. सरळ उभा कापलेला खड्डा, पुरुषभर खोल, आणि त्याच्या कडेला त्यांच्या घराचा पाया उघडा पडलेला. दगडांच्या फटीतून माती सुटून खाली पडत होती, थोडी थोडी.

फर्निचरवाल्याकडे त्या तीन वेळा गेल्या. पहिल्या वेळी त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "ठेकेदाराशी बोलतो." दुसऱ्या वेळी चहा मागवला, पण ठेकेदार गावाला गेला होता. तिसऱ्या वेळी त्यानं कपाटाच्या दारावरून हात फिरवत, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "काकू, घर जुनं आहे तुमचं. तडे तर आधीपासूनच असतील."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा टाइप केलं होतं. प्रतिवादीची कैफियत, साधारण चौथा परिच्छेद. हा मुलगा अजून वकिलाकडे गेला नसेल, तरी ते वाक्य त्याला आपोआप सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. अठ्ठावीस वर्षांत रजा टाकायची कशी हेच त्या विसरल्या होत्या, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला फोन करून एवढंच म्हणाल्या, "आज नाही येत." मग त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून वन्संना भिंतीशी उभं केलं आणि फोटो काढले. तारीख दिसेल असे.

"मी हसू का?" वन्संनी विचारलं.

"नको. पेपर जरा वर धरा."

मग एका निवृत्त इंजिनियरांना बोलावलं. उंच, वाकलेले, फारसं न बोलणारे गृहस्थ. त्यांनी भिंत बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिली, खिडकीतून खाली पाहिलं आणि पिशवीतून काचेच्या चार पातळ पट्ट्या काढल्या. तड्यावर आडव्या ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली, शेजारी पेन्सिलीनं तारीख घातली. "भिंत हलली तर काच तडकेल," ते म्हणाले. "काच खोटं बोलत नाही. आणि यांना इथं झोपू देऊ नका."

पाचव्या दिवशी दोन पट्ट्या तडकल्या. वन्संनी तेही ऐकलं होतं. एका जुन्या वहीत त्यांनी तारीखवार आवाज लिहायला घेतले होते, ऑफिसात कॉल लिहायच्या तसे. वेळ, किती वेळा, मोठा की बारीक.

त्यांची खाट पुढच्या खोलीत आणली. बैठकीच्या खोलीत मग बैठक उरली नाही. बाई खाली गादी घालून झोपायच्या आणि उठताना आधी एका कुशीवर, मग गुडघ्यावर, मग खाटेचा पाय धरून अशा टप्प्याटप्प्यानं उठायच्या. वन्संची पुस्तकं, औषधं, रेडिओ सगळं स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली. मुलगी फोनवर म्हणाली, "दोघी माझ्याकडे या." वन्सं म्हणाल्या, "घर सोडलं तर ते म्हणतील, रिकामंच होतं." यात तथ्य होतं, म्हणून दोघी तिथंच राहिल्या.

ज्या वकीलसाहेबांचं बहुतेक काम बाई करायच्या, त्यांना त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. वकीलसाहेब सत्तरीचे. डबा खाता खाता ऐकत होते.

"हद्द त्याची, खणतोय त्याच्या जागेत," बाई म्हणाल्या. "मग आपलं काही चालतं का?"

"चालतं. तुमच्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार असतो. तो काढून घ्यायचा हक्क त्याला नाही, स्वतःच्या हद्दीत खणलं तरी." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आधी नोटीस द्यायची. नोटिशीनं काम थांबत नाही, पण त्याला कळवलं होतं हे पक्कं होतं. तोवर बांधकाम खात्यात तक्रार द्या आणि मंजूर नकाशाची नक्कल मागा. तेवढ्यानं भागलं तर बरंच. नाहीतर दावा आणि मनाईचा अर्ज. नुकसानभरपाई नंतरची गोष्ट. घर उभं राहिलं पाहिजे आधी. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच टाइप करता की सगळं."

टाइप करणं वेगळं, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्या नोटीस टाइप करायला गेल्या. अशिलाचं नाव लिहायच्या जागी बोटं थांबली. स्वतःचं नाव त्यांनी या यंत्रावर कधी लिहिलं नव्हतं.

बांधकाम खात्यात तक्रार द्यायला त्या चार वेळा गेल्या. पहिल्यांदा अर्ज चुकीच्या खिडकीवर होता. दुसऱ्यांदा साहेब साइटवर होते. तिसऱ्यांदा साहेब होते, पण फाइल साइटवर होती. चौथ्यांदा आवक क्रमांक मिळाला, शिक्का मिळाला, आणि नकाशाच्या नकलेसाठी तीन आठवडे थांबा असं सांगण्यात आलं. कारकून वाईट नव्हता. "मॅडम, पाय दुखत असतील, बसा," म्हणाला, आणि बसायला बाकच नव्हता हे लक्षात आल्यावर ओशाळला.

नोटीस मिळाली त्या दिवशी फर्निचरवाला संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"थेट वकील, काकू?"

"तीनदा आले होते मी तुझ्याकडे."

"आत्या, तुम्ही तरी सांगायचं होतंत."

वन्सं खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. "मी भिंतीचं ऐकत होते," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकायला तू कुठं होतास?"

तो गेला. काम थांबलं नाही. उलट पुढच्याच आठवड्यात मशीनच्या दातात पाण्याचा नळ सापडला, फुटला, आणि खड्ड्यात गुडघाभर पाणी साठलं. पाणी नेमकं त्यांच्या भिंतीच्या बाजूला, कारण तिकडेच जास्त खोल होतं. तिसरी पट्टी तडकली. मागच्या खोलीचं दार चौकटीत बसेना.

मग दावा केला. कागद एका दिवसात तयार करायचे होते. बाईंनी सकाळी दुसऱ्या वकिलांचे दोन अर्ज टाइप केले, दुपारी इंजिनियरांकडून दाखला आणला, आणि चार वाजता स्वतःच्या अर्जाला बसल्या. घटना सांगणारे परिच्छेद त्यांनी मनापासून लिहिले. शेवटी काय मागायचं तिथं आल्या तेव्हा डोळे मिटत होते. त्यांनी जुनी फाइल उघडली, शेवटचा परिच्छेद उचलला, खाली चिकटवला. वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या सही केली, कारण शिरस्तेदार खिडकी बंद करत होता.

पहिल्या तारखेला प्रतिवादीला नोटीस निघाली. दुसऱ्या तारखेला त्याच्या वकिलांनी मुदत मागितली. बाई दोन्ही दिवस कोर्टाच्या आत, मागच्या बाकावर बसून होत्या. इतकी वर्षं आवारात काढली, पण आत नुसतं बसून राहायची वेळ कधी आली नव्हती. आपला नंबर पुकारला जाईल म्हणून पाणी प्यायलाही उठायचं नाही. ओळखीचे वकील जाता येता विचारायचे, "बाई, तुम्ही इथं?" त्या मान हलवायच्या. शेडमधलं टेबल तेवढा वेळ रिकामं असायचं.

तिसऱ्या तारखेला युक्तिवाद झाला. अपेक्षेप्रमाणे घर जुनं निघालं, तडे त्याहून जुने निघाले. वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र धरून काढलेले फोटो आणि तडकलेल्या काचांचा दाखला पुढे ठेवला. न्यायाधीशांनी फोटो दोनदा पाहिले आणि हुकूम सांगितला: पुढील आदेशापर्यंत प्रतिवादीने जागेची परिस्थिती जैसे थे ठेवावी.

मशीन थांबलं. त्या संध्याकाळी घरात इतकी शांतता होती, की वन्संनी वही मिटून ठेवली. दोघी लवकर जेवल्या. बाईंना बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी इंजिनियर आले. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं, मग वळून विचारलं, "पाणी का नाही उपसलं?"

"मनाई मिळाली," बाई म्हणाल्या. "काम बंद आहे."

"ते दिसतंय. पण हा खड्डा असाच राहिला तर भिंत येणारच. त्याला आधी आधारभिंत बांधायला लावायची होती, मग बाकीचं थांबवायचं होतं. हे असं कुणी मागितलं?"

बाईंनी पायात चपला घातल्या. त्या पलीकडे गेल्या. फर्निचरवाला बंद पडलेल्या मशीनशेजारी उभा होता, दाढी वाढलेली.

"निदान पाणी तरी काढ," त्या म्हणाल्या.

"काकू, मला हात लावायला बंदी आहे. तुम्हीच आणलीय." तो टोमणा मारत नव्हता. तोही थकलेला दिसत होता. "माझा वकील म्हणाला, एक बादली जरी काढलीस तरी कोर्टाचा अवमान होईल. मी काय करू, सांगा."

बाई शेडमध्ये आल्या आणि स्वतःच्या अर्जाची प्रत काढून वाचायला बसल्या. पहिल्या ओळीपासून, परक्या माणसाचा कागद वाचावा तशा. शेवटचा परिच्छेद एका बोळाच्या भांडणातला होता. कुणीतरी कुणाच्या वहिवाटीत भिंत घालत होतं. तिथं 'जैसे थे' म्हटलं की काम भागत होतं. इथं जैसे थे म्हणजे खड्डा जैसे थे, पाणी जैसे थे, आणि घर खाली यायच्या वाटेवर होतं ते तसंच त्या वाटेवर. हा शब्द त्यांनी किती लोकांच्या कागदात घातला होता. त्यातल्या कुणाकुणाला तो असा महागात पडला असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथंच अडवला. त्या दिवशी तेवढी ताकद नव्हती.

वकीलसाहेबांपुढे कागद ठेवून त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. जुन्यातलं उचललं मी. वाचलं नाही."

वकीलसाहेबांनी वाचलं. चष्मा काढून डोळे चोळले. "सही माझी आहे," ते म्हणाले. "मीही नाही वाचलं." त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "बसा. हुकुमात दुरुस्ती मागू. या वेळी मी सांगत नाही. तुमच्या भिंतीला काय पाहिजे ते तुम्ही लिहा."

बाईंनी इंजिनियरांना शेजारी बसवून लिहिलं. पाणी उपसावं. भिंतीला ताबडतोब टेकू द्यावेत. हद्दीकडून आधारभिंत बांधून मागे माती भरावी. हे सगळं होईपर्यंत बाकीचं बांधकाम बंद राहावं. आणि जागा पाहायला कोर्टानं आपला माणूस पाठवावा. दीड पान झालं. त्यात नेहमीचं एकही वाक्य नव्हतं.

कोर्टानं कमिशनर म्हणून एका तरुण वकीलबाईंना पाठवलं. त्या टेप घेऊन आल्या, बूट चिखलात घालून खाली उतरल्या. त्याच आठवड्यात मंजूर नकाशाची नक्कलही मिळाली होती. नकाशात तळघर हद्दीपासून पाच फूट आत होतं. प्रत्यक्षात खड्डा हद्दीलाच भिडला होता. वकीलबाईंनी ते मोजून लिहिलं, फर्निचरवाल्याची सही घेतली, मग वन्संकडे आल्या.

"तडा कधी पडला, काही सांगता येईल?"

वन्संनी वही पुढे केली. वकीलबाईंनी दोन पानं वाचली, वर पाहिलं, पुन्हा वाचली. "'दोन चाळीस, एकदा, मोठा. सहकाऱ्यास कळवले.' सहकारी कोण?"

"वहिनी. घरी आल्यावर कळवलं."

"याची प्रत अहवालाला जोडते."

"जोडा. पण वही परत द्या, मागे दुधाचा हिशेब आहे."

अहवाल दाखल झाला, बांधकाम खात्यानंही फर्निचरवाल्याला नकाशा सोडून खणल्याची नोटीस काढली, आणि त्याचे वकील दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना भेटायला आले. तडजोड करू म्हणाले. तडजोडीच्या अटी कोण टाइप करणार, असा प्रश्न निघालाच नाही. बाई टेबलाशी बसल्या, समोर बाकावर फर्निचरवाला बसला. त्या एकेक अट मोठ्यानं वाचायच्या, तो मान हलवायचा. आधारभिंतीची जाडी आली तेव्हा तो म्हणाला, "नऊ इंच पुरे आहे, काकू."

"इंजिनियर बारा म्हणतात."

"बरं. बारा."

तळघर नकाशाप्रमाणे आत घ्यायचं, भिंतीचे तडे त्यानं दुरुस्त करून द्यायचे, इंजिनियरांनी लेखी दिल्याशिवाय पुढचं काम नाही, आणि दोन वर्षांत पुन्हा तडा गेला तर जबाबदारी त्याची. छापलेल्या कागदावर सही करताना त्याचा हात थांबला. "वडील असते तर इथपर्यंत आलं नसतं," तो म्हणाला. बाईंना ते खरंही वाटलं आणि नाहीही. त्यांनी शाईचा पॅड त्याच्याकडे सरकवला.

आधारभिंतीला सात आठवडे लागले. मधे सिमेंट नव्हतं, मधे गवंडी नव्हता. इंजिनियर दर दोन दिवसांनी यायचे, काठीनं ठोकायचे, जायचे. वन्संचे कान आता नुसते दमले होते, त्या म्हणायच्या, "मला सांगू नका काय चाललंय, मला ऐकू येतंय." बाईंच्या कंबरेत खाली झोपून झोपून उसण भरली, ती पुढे गेलीच नाही. टेबलावरची निम्मी कामं मधल्या काळात शेजारच्या टेबलावर गेली होती. त्यातली काही परत आली.

शेवटी रंगारी आला, फर्निचरवाल्यानंच पाठवलेला. तडे भरून झाले होते, भिंत गुळगुळीत केलेली होती. खिडकीची एक झडप मात्र अर्धीच उघडायची आणि ती आता तशीच उघडणार होती. रंगाऱ्यानं रंगांचं कार्ड पुढे धरलं.

"कुठला देऊ?"

बाईंनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी बाईंकडे पाहिलं.

"तुमची खोली, तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या.

"मी आता पुढेच झोपणार आहे," वन्सं म्हणाल्या. "सवय झाली. तुम्ही मागे जा, तुमच्या कंबरेला खाट हवी."

"तुम्हाला त्या खोलीची भीती वाटते का?"

"भीती नाही. तिथं पडलं की ऐकत राहते."

बाईंनी कार्ड घेतलं. चौकोनांकडे थोडा वेळ पाहिलं. पांढऱ्याचेच आठ प्रकार होते. "जो डबा उघडा असेल तो लाव," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. दुपारचे बारा वाजत होते, कोर्टात जायला उशीर झालेला होता. थोडा वेळ टेकून मग निघू असं त्यांनी ठरवलं. रंगाऱ्यानं शिडी लावली, वन्संनी रेडिओ हळू केला, आणि बाई बसल्या जागी झोपी गेल्या.